पफर माशाला मीठ लागतं काय? (बेळगाव, नळाचं पाणी)

तिसरं_गेट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बारक्यानं हट्ट धरला म्हणून पफर आणलाय घरात. हिरवट-पिवळा, पाठीवर काळे गोल ठिपके, पोट पांढरं. दुकानदार म्हणाला गोड्या पाण्यातला हाय, काय करायला लागत नाही, आठवड्याला थोडं पाणी बदला झालं. टँक दोन फुटी, सोबत गप्पी होत्या, त्यांच्या शेपट्या आता अर्ध्या उरल्यात. पण आता याचंच पोट राखाडी-काळपट दिसायलंय, दिवसभर कोपऱ्यात काचेला नाक लावून वरखाली करत बसतोय, पेलेट टाकले तर तोंडात घेऊन थुंकतोय. नेटवर कोण म्हणतंय याला निमखारं पाणी लागतं, कोण म्हणतंय काय गरज नाही. आमच्याकडं नळाचं पाणी, राकसकोपचं. एवढंच सांगा, मीठ घालायचं का नाही, आणि घालायचं तर कुठलं नि किती? स्वयंपाकातलं चालेल काय?

विणकर_शहापूर

मीठ, हळद, आलं-लसूण लावून अर्धा तास ठेवा, मग रव्यात घोळवून तव्यावर.

मार्कंडेय_काठ

विणकरभाऊ, याच्या बाबतीत चेष्टासुद्धा नको ओ. या कुळात टेट्रोडोटॉक्सिन असतं, त्यावर उतारा नाही. जपानात लायसन असल्याशिवाय आचाऱ्याला फुगू (तिथला पफर) कापू देत नाहीत.

तिसरं गेट, आधी फोटो टाका. दुकानात पफर या एका नावाखाली तीन-चार वेगळे मासे येतात आणि प्रत्येकाचं पाणी वेगळं, म्हणून मासा कुठला ते कळल्याशिवाय मिठाचं उत्तर देता येत नाही. पाठीवर सुटे गोल ठिपके असतील तर ग्रीन स्पॉटेड पफर, शास्त्रीय नाव डायकोटोमिक्टेरे निग्रोविरिडिस, जुन्या पुस्तकांत टेट्राओडॉन निग्रोविरिडिस. तपकिरी पाठीवर पिवळ्या रेषांची नक्षी नि शेपटीकडं डोळ्यासारखा गोल असेल तर फिगर एट. आणि बोटाच्या पेराएवढाच असेल तर तो केरळातला पी पफर, तो जन्मभर गोड्या पाण्यातला, त्याला मीठ घालायचंच नाही.

तुमच्या वर्णनावरनं ग्रीन स्पॉटेड वाटतोय. हा खाडीतला मासा. पिल्लं गोड्या किंवा जवळजवळ गोड्या पाण्यात सापडतात म्हणून दुकानवाले गोड्यातच ठेवतात नि तसंच विकतात. मोठा होईल तसं त्याला जास्त खारं पाणी लागतं. हाताच्या वितीला जरा कमी, १५ सेंटीमीटरपर्यंत वाढतोय, दोन फुटी टँक त्याला कायमचा पुरणार नाही हे आत्ताच सांगून ठेवतो.

तिसरं_गेट

फोटो टाकलाय. सुटे गोल ठिपकेच हायत. १५ सेंटीमीटर?? दुकानदार म्हणाला एवढाच राहतो.

मार्कंडेय_काठ

शंभर टक्के ग्रीन स्पॉटेड. आणि दुकानदार 'एवढाच राहतो' म्हणाला ते त्याच्या दुकानापुरतं खरं असेल, तिथं वाढायच्या आत विकला जातोय.

खडेबाजार_कट्टा

मी वेगळं सांगतो. माझ्याकडं हाच मासा गोड्या पाण्यात दीड-दोन वर्षं होता, खात होता पीत होता, काय नाही झालं. उगं मीठ, मीटर, रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यात मीठ-साखर किती ते मोजायचं यंत्र) म्हणून खर्चात पाडू नका नवीन माणसाला.

मार्कंडेय_काठ

दोन वर्षांनी काय झालं?

खडेबाजार_कट्टा

मेला. पण मासे मरतातच की ओ.

मार्कंडेय_काठ

पाणी नीट ठेवलं तर हा मासा १० वर्षं आणि त्याच्यापुढंसुद्धा जगतोय. दीड-दोन वर्षं जगला म्हणजे गोडं पाणी मानवलं असं नव्हे, तेवढे दिवस त्यानं ओढलं. गोड्यात लगेच मरत नाही म्हणूनच तर हा गैरसमज टिकून हाय.

वेंगुर्ला_बंदर

आमच्याकडे ह्येका केंड म्हणतत. समुद्रातले मोठे केंड जाळी फाडून वाट लावतत, जाळ्यातली म्हाकुला खावन टाकतत. आणि तुमी तेका पैसे देवन घरात ठेवतास? कमाल हा.

विणकर_शहापूर

हे वाचून एक कळलं, हा मासा ना धड गोड्यातला ना धड खाऱ्यातला. बेळगावातच शोभतोय.

अथणी_एक्सप्रेस

😂😂 त्याला पण दोन्हीकडनं पत्र येत असतील.

चंदगडी

स्वल्प अडजस्ट माडी म्हणा त्याला.

हत्तरगी_लॅब

मी साखर कारखान्याच्या लॅबला हाय. रिफ्रॅक्टोमीटर आमच्याकडं ढिगानं पडलेत. एखादा जुना दिला तर यांचा खर्च वाचेल काय?

मार्कंडेय_काठ

तुमचा ब्रिक्सचा असणार, साखरेचा. मिठाच्या पाण्यात रीडिंग येईल पण ते साखरेच्या पट्टीवर येईल, आणि आपल्याला लागणारी रेंज एवढी खालची हाय की त्या पट्टीवर रेघ-दोन रेघांतच सगळं संपतंय. सलिनिटीचा, म्हणजे खारटपणाचा, वेगळा मिळतो, तो घ्यावा. नाहीतर साधा हायड्रोमीटर. फक्त काटेवाला असेल तर काट्याला चिकटलेले बुडबुडे टिचकी मारून काढायचे, नाहीतर आकडा जास्त दाखवतोय.

आता मीठ. स्वयंपाकातलं नको, बाजारातलं खडे मीठ नको, आणि दुकानात 'अॅक्वेरियम सॉल्ट' म्हणून मिळतं ते पण नको, ते नुसतं सोडियम क्लोराइड. मरीन सॉल्ट पाहिजे, समुद्री टँकवाले वापरतात ते. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट सगळं असतं आणि पाण्याचा पीएच त्यामुळंच वर जाऊन टिकतोय. खाडीतल्या माशाला नुसता खारटपणा नको असतो, ते कठीण पाणी नि ८ च्या वरचा पीएच पण पाहिजे असतोय. राकसकोपचं पाणी म्हणजे घाटाच्या पावसाचं पाणी, मऊच असणार.

अनगोळ_अक्का

थांबा ओ सगळे. मीठ मीठ काय लावलंय, अमोनिया कुणी विचारला काय? पोट काळं पडलंय, खाईना झालाय, काचेवर वरखाली करायलाय. हे मीठ कमी पडल्याचं असेल, पण त्याच्याआधी पाणी खराब असल्याचं लक्षण हाय. टेस्ट किट घेऊन अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच बघा आणि आकडे इथं लिहा. पट्ट्या नको, थेंबवाली किट.

आणि ऐका, अमोनिया असताना एकदम मरीन सॉल्ट ओतलं तर मासा मरेल. पीएच ७ ला एकूण अमोनियातला शेकडा एक भागसुद्धा विषारी रूपात नसतो, पीएच ८.२ ला तोच ८ टक्क्यांच्या आसपास जातोय. म्हणजे टेस्टमधला आकडा तोच, विष चौदा-पंधरा पट. पफरला खवले नसतात, नुसती कातडी, त्यामुळं त्याला सगळंच जोरात लागतं. औषध पण. तांबं असलेलं कुठलंही औषध दुकानदारानं दिलं तरी घालू नका.

खडेबाजार_कट्टा

हे मात्र अक्कांचं बरोबर.

खानापूर_रानवाट

अक्का, फिल्टर नवीन असेल तर काय करायचं? माझा पण टँक नवीनच हाय, मासे सोडून महिनासुद्धा नाही.

अनगोळ_अक्का

मग रोज थोडं-थोडं पाणी बदला, टेस्ट करत राहा. ओळखीत कुणाचा जुना चालू फिल्टर असेल तर त्यातला स्पंज आणून आपल्या फिल्टरमध्ये पिळा, त्यात अमोनिया खाणारे जिवाणू असतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला अँटिक्लोरीन घाला. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टँकमधनं काढलेल्या पाण्यातच खळखळवा. घासून लख्ख केला तर जिवाणू पण गेले, परत पहिल्यापासनं सुरू.

निपाणी_तंबाखू

बोअरचं पाणी वापरलं तर? आमच्याकडं बोअरचं इतकं कठीण की बादलीला पांढरा थर बसतोय. पफरला बरंच की मग.

मार्कंडेय_काठ

कठीण म्हणून चालेल, पण आधी त्याचं नायट्रेट बघा. उसाच्या पट्ट्यातल्या बोअरला खताचं पाणी उतरलेलं असतं, बदलायला घेतलेल्या पाण्यातच नायट्रेट असेल तर बदलून उपयोग काय.

तिसरं_गेट

किट आणली. अमोनिया १, नायट्राइट ०.५, नायट्रेट ८० च्या आसपास, पीएच ६.८. लई खराब हाय काय?

अनगोळ_अक्का

हो. अमोनिया नि नायट्राइट दोन्ही शून्य पाहिजेत, नायट्रेट २० च्या आत. मीठ बाजूला ठेवा, आज ४० टक्के पाणी बदला, उद्या परत. तळाचा कचरा सायफनने ओढा. गप्पी काढा, त्यांना वेगळ्या बादलीत ठेवा. पेलेट थुंकतोय ते तसेच खाली कुजतायत, तोच अमोनिया.

पीयूसी_मास्तर

थोडं विषय सोडून. हा मासा शास्त्रज्ञांचा लाडका हाय. २००४ साली याच्या जीनोमचा, म्हणजे सगळ्या डीएनएचा, मसुदा प्रसिद्ध झाला, कारण पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत याचा जीनोम सर्वांत लहानांपैकी एक, माणसाच्या साधारण एक अष्टमांश. जीन्सची संख्या मात्र आपल्या जवळपास. वर्गात सांगितलं तर पोरं म्हणतात सर मग बाकीचं आपल्यात काय भरलंय.

विणकर_शहापूर

बाकीचं राजकारण, सर.

अथणी_एक्सप्रेस

एक आयडिया. चोरला घाटातनं गोव्याला नेहमी जाणं होतं. येताना दोन कॅन समुद्राचं पाणी आणलं तर मीठच विकत घ्यायला नको. समुद्र फुकट हाय.

वेंगुर्ला_बंदर

बंदराजवळचा पाणी घेव नका. होडयेचा डिझेल, गटारा, सगळा थंयच.

मार्कंडेय_काठ

समुद्राच्या पाण्याचं विशिष्ट गुरुत्व (गोडं पाणी १ धरून) १.०२५ च्या आसपास असतं, आपल्याला १.००५ पासून सुरू करायचंय, म्हणजे एक भाग समुद्र नि चार भाग नळाचं अँटिक्लोरीन घातलेलं पाणी. हिशोबानं चालतंय. पण पावसाळ्यात किनाऱ्याला पाणी गढूळ नि कमी खारं, घाटात कॅन हिंदकळणार, आणि पाण्यातनं परजीवी येणार ते वेगळंच. दर आठवड्याला पाणी बदलायला तुम्ही गोव्याला जाणार काय?

अथणी_एक्सप्रेस

दर आठवड्याला गोव्याला जायला कारण मिळतंय म्हणून तर विचारतोय.

चंदगडी

घरात 'माशासाठी' म्हणून सांगायचं. खोटं पण नाही.

तिसरं_गेट

अमोनिया ०.२५ वर आला, नायट्राइट पण उतरलंय. पोट परत पांढरं दिसायलंय सकाळी. पण खाईना. कोळंबीचा तुकडा दिला, हुंगला नि गेला. तोंड बघितलं जवळनं तर समोरचे दात लई लांब वाटतायत, खालचा वरच्याच्या पुढं आलाय.

अनगोळ_अक्का

आलं लक्षात. याचे दात म्हणजे चार पाट्या जोडून झालेली चोच, आणि ती जन्मभर वाढत राहते. निसर्गात गोगलगाय, शिंपल्या, खेकडं फोडून झिजते. पेलेटवर ठेवला तर झिजत नाही, मग तोंड उघडेना नि मासा उपाशी.

माझ्याकडच्या फिगर एटची चोच कापली होती. एका डब्यात टँकचंच पाणी, त्यात लवंग तेल, पण थेट नाही, आधी बाटलीत थोड्या पाण्यात घालून जोरात हलवून दुधासारखं करायचं नि ते थोडं थोडं सोडायचं. मासा आधी तिरका होतो, मग आडवा, कल्ले मंद हलत राहतात. कल्ले थांबेपर्यंत वाट बघायची नाही. तेवढ्यात ओल्या मऊ फडक्यात धरायचा, पाण्याखालीच, वर काढायचा नाही कारण फुगताना हवा गिळली तर बाहेर काढता येत नाही त्याला. नखाची कातडी काढायची बारीक कात्री असते ती, ओठ चिमटू न देता फक्त टोक. टक असा आवाज येतो, तांदळाच्या कणीएवढा तुकडा पडतो. थोडं थोडं करून दोनतीनदा, मग लगेच स्वच्छ पाण्यात पंपाच्या धारेसमोर तोंड करून धरायचा. डोळा आधी फिरतो, मग पंख. दुसऱ्या दिवशी गोगलगाय फोडली त्यानं.

पण तुमचा आत्ता अशक्त हाय. आधी पाणी, मग जिवंत बारकी गोगलगाय देऊन बघा. तोंडात धरून फोडता येत नसेल तरच कात्री.

खानापूर_रानवाट

गोगलगायी आमच्या भाताच्या खाचरात पावसाळ्यात पसाभर मिळतात, पाठवू काय?

अनगोळ_अक्का

खाचरातल्या नको, फवारणी झालेली असते नि परजीवी पण. रॅम्सहॉर्न घरी बादलीत वाढवायच्या. बारीक गोल चपट्या, वांग्याची नि काकडीची साल टाकली की आठवड्याआठवड्याला अंडी. दुकानातनं झाडं आणताना नको म्हणून येतातच त्या.

मार्कंडेय_काठ

आणि बाजारातनं कोळंबी सालासकट द्या, तिसऱ्या (खाडीतले शिंपले) कवचासकट, कुर्लीची बारीक नांगी. बर्फातली मासळी असली तरी धुऊन, थोडी थोडी. रोज कोळंबीच नको, कच्च्या कोळंबीत नि काही शिंपल्यांत थायमिनेज असतं, बी-१ जीवनसत्त्व खलास करतं. आलटून पालटून द्या.

खातोय भरपूर नि तरी पोट खपाटीला असेल तर जंत. दुकानातले बहुतेक सगळे ग्रीन स्पॉटेड रानातनं पकडलेले असतात, याचं पैदाशीचं काम फारसं कोण करत नाही.

पीयूसी_मास्तर

हाच माझा आक्षेप हाय खरा. पकडून आणलेला मासा, चुकीचं पाणी, चुकीचं खाणं, निम्मे वाटेतच जात असतील. आपण सगळे मिळून दुकानदाराला 'हा गोड्यातला नव्हे' असं सांगितलं तरी तो परत मागवणारच कारण गिऱ्हाईक हाय.

अथणी_एक्सप्रेस

मग जमत नसेल तर किल्ला तळ्यात सोडून द्यावा ना.

अनगोळ_अक्का

अजिबात नाही. तळ्यात सोडला तर एकतर तो मरेल नाहीतर तिथल्या माशांचे पंख कुरतडेल. परत दुकानात द्या, नाहीतर इथं लिहा, कोणीतरी घेईल.

खडेबाजार_कट्टा

मास्तर, खरं बोललात, पण ज्यानं आणलाच हाय त्याला हाकलून काय उपयोग. निदान हा एक तरी नीट जगू दे. तिसरं गेट, आता हिवाळा येतोय, हीटर लावा. आपल्याकडं पहाटे पाणी चांगलंच थंड होतं, याला २५-२७ पाहिजे. आणि लाइट गेली की फिल्टर बंद, बॅटरीवरचा एअर पंप ठेवा.

तिसरं_गेट

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट १० च्या आसपास, आता टिकून हाय. बारकी गोगलगाय दिली, कात्रीची वेळ आली नाही, तिसऱ्या प्रयत्नात फोडली, शिंपला थुंकला, मांस गिळलं. बारक्यानं शाळेत जाऊन सगळ्यांना सांगितलं. आता परत पहिलाच प्रश्न, मीठ कधी नि कसं?

मार्कंडेय_काठ

आता सुरू करा. टँकमध्ये थेट मीठ टाकायचं नाही. बादलीत अँटिक्लोरीन घातलेलं पाणी, त्यात मरीन सॉल्ट, एअर पंप सोडून रात्रभर ठेवा, सकाळी ते पाणी बदलायच्या पाण्याच्या जागी वापरा. एका आठवड्यात ०.००२ पेक्षा जास्त चढवू नका, फिल्टरमधले जिवाणू पण सवय करून घेतात तेवढ्यात. आधी १.००५ वर न्या, म्हणजे लिटरला साधारण ७ ते ९ ग्रॅम मीठ. तुमचा टँक भरून ५० लिटर धरला तर साडेतीनशे ते साडेचारशे ग्रॅम, एकदम नाही, आठवड्यांवर वाटून. वाढेल तसा १.०१० करा, पूर्ण मोठा झाला की १.०१५ आणि त्याच्या वरसुद्धा चालतं.

पाणी आटलं की नुसतं गोडं पाणी घालून भरायचं, कारण मीठ उडत नाही, पाणीच उडतं. खारं घालत राहिलात तर आकडा वाढत जातोय. आणि मोठा झाला की तीन फुटी टँक. ३६ बाय १५ बाय १८ इंची म्हणजे दीडशे लिटरच्या वर, त्याच्या खाली नको.

तळाला शिंपल्याचा चुरा घाला, पीएच धरून ठेवतोय. पोल्ट्रीवाल्यांकडं कोंबड्यांसाठी असतो तोच, गढूळ पाणी जाईपर्यंत धुवायचा.

निपाणी_तंबाखू

कोंबड्यांचा चुरा मला पण पाहिजे, पण पोतंच घ्यायला लागतंय. कोण वाटून घेतंय काय?

खानापूर_रानवाट

मी घेतो चार किलो. फिगर एटला पण चालतो ना?

मार्कंडेय_काठ

चालतो. पण फिगर एटला जन्मभर १.००५ ते १.००८ पुरे, ग्रीन स्पॉटेडसारखं वर नेऊ नका.

अनगोळ_अक्का

रॅम्सहॉर्न गोगलगायी माझ्याकडं बादली भरून झाल्यात. ज्याला पाहिजे त्यानं रविवारी सकाळी गोवावेसला या, झाकणाचा डबा आणा. नुसती पिशवी आणू नका, गेल्या वेळी एकानं आणली होती.